पाच महिने पाणी

फेब्रुवारीत इथे तळ्याच्या मधोमध ट्रक उभे असतात, निर्धास्त,
आणि नेमके तेव्हाच लोक माझ्याकडे
होडीसाठी कर्ज मागायला येतात.
हिवाळ्यात दुकानदार सूट देतो, हे एक.
दुसरं, पाणी दिसेनासं झालं
की माणसाला ते जास्त दिसू लागतं.

रायनो आणि आर्डिस कॅस्किनेन आले
बूट आपटत, बर्फ पायपुसण्यावर सोडून.
तो बत्तीस वर्षं लोखंडाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन. वय अठ्ठ्याहत्तर.
डाव्या हाताची थरथर टोपीखाली झाकलेली.
"तू ॲल्बिनची धाकटी ना?" म्हणाला,
"तुझ्या बापाकडे माझं एक ड्रिल राहिलंय."
पतसंस्थेच्या फॉर्मवर ही बाब भरायला रकाना नाही.

पाँटून होडी. बावीस फुटी.
खाली ॲल्युमिनियमच्या दोन जाड नळ्या, वर सपाट ओटा,
कडेने कठडा,
कुणी घराचा व्हरांडाच उचलून पाण्यात सोडावा तशी.
तीन नळ्यांची वळणावर कलत नाही,
पण चार हजारांनी महाग.
आर्डिसने दुकानात नळ्यांवर टिचक्या मारून पाहिल्या,
कलिंगड घेताना मारतात तशा.
आवाज सारखाच आला, म्हणे.
म्हणून दोन.

मग मोटर.
तिला साठ अश्वशक्ती पुरे. त्याला एकशेपंधरा.
"कुठे जायचंय तुला एवढ्या घाईने?
तळं गोल आहे, रायनो."
तो माझ्याकडे बघत राहिला,
जणू व्याजदरासारखा हाही प्रश्न
माझ्याच अखत्यारीतला.

मी आकडे मांडले.
जुनी मासेमारीची होडी विकून तीन हजार रोख
(तिच्या कडेवरून आता त्याचा पाय उचलत नाही),
उरलेले तीस हजार, आठ टक्क्यांनी, बारा वर्षं.
महिना तीनशे पंचवीस डॉलर.
बर्फ मे महिन्यात जातो, ऑक्टोबरात होड्या बाहेर.
पाच महिने पाणी, बारा महिने हप्ता.
हे मी प्रत्येकाला सांगते.
प्रत्येक जण मान डोलावतो, ऐकत कुणीच नाही.

शेवटच्या हप्त्याची तारीख पडद्यावर आली.
ती मी वाचून दाखवली नाही.
रायनोने वाकून स्वतःच वाचली, बोटांवर हिशेब केला.
"नव्वद," म्हणाला.
"तोवर मोटरची वॉरंटी संपलेली असेल."

आर्डिस हसली नाही.
तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली,
किराणाच्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली.
परवा ती एकटीच परत गेली होती दुकानात, टेप घेऊन.
विक्रेता वेगाबद्दल बोलत राहिला,
ही गुडघ्यावर बसून होडीचं फाटक मोजत होती.
फाटक बत्तीस इंच.
चाकाची खुर्ची सव्वीस.

"मला खुर्ची नाही लागत," रायनो म्हणाला.
"अजून," ती म्हणाली.

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी गेली.
मी उगाच कागद जुळवले, जुळलेलेच.
टोपीखाली हात हलत होता,
लहान मोटर सुरू ठेवून कुणी धक्क्याला थांबावं तसा.

"बरं. नव्वद," आर्डिस म्हणाली.
ती अश्वशक्तीबद्दल बोलतेय
हे कळायला मला जरा वेळ लागला.
त्याला लगेच कळलं.

'कर्जाचे कारण' या रकान्यात होडीला एकच शब्द चालतो : मौजमजा.
तो मी निवडला. दोघांनी सह्या केल्या,
तिची सरळ, त्याची लाटांसारखी, तीन ओळींवर सांडलेली.
पहिला हप्ता एक एप्रिलला.
तेव्हाही तळ्यावर दोन फूट बर्फ असेल.

शनिवारी वडिलांच्या गॅरेजात गेले.
सहा वर्षांत तिथलं काही हलवलं नव्हतं.
ड्रिल खिळ्यांच्या डब्यामागे होतं, वायर नीट गुंडाळलेली,
मुठीवर खरवडलेली दोन अक्षरं.
प्लग लावून दाबलं.
चालतं.